सोपा ते मध्यम

पाषाण तलावाच्या भिंतीशी, सहाला.
थिटे आधीच आलेले असतात.
कानटोपी, कानटोपीवर हेल्मेट,
आणि चाकातली हवा अंगठ्यानं दाबून बघायची
ती बँकेतली सवय,
नोट उजेडाला धरावी तशी.

"आज कुठला?"
ते वही उघडतात. मागच्या पानावर पाढे छापलेली.
सूस खिंडीमागून नांद्यापर्यंत: सोपा.
चांद्याकडून नदीच्या काठानं: सोपा, एक ओढा.
लवळ्याच्या डोंगराला वळसा: मध्यम.
कठीण अशी नोंद त्या वहीत नाही.
"कठीण असेल तिथे आपण जायचंच नाही,"
हे त्यांनी पहिल्याच रविवारी सांगून टाकलं होतं.
तेव्हा आम्ही व्याही होतो.

साखरपुड्यात शेजारी बसवलेलं.
बोलायला काही नव्हतं.
मी म्हणालो, सायकल चालवता का,
ते म्हणाले, गिअरची घ्यायचा विचार आहे.

डांबर संपतं तिथून खरी सुरुवात.
पण ती जागा दर हिवाळ्यात पुढे सरकते.
मागल्या वर्षी वडापाशी संपायचं,
यंदा प्लॉटांचे पांढरे दगड ओलांडावे लागतात.
मग लाल माती, बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या,
मधे गवताची पट्टी, तिच्यावर दव.
डाव्या चाकोरीत ते, उजव्या चाकोरीत मी.
हरभऱ्याला घाटे धरलेत, हवेत त्याची आंब.
तारेवर वेडे राघू खांद्याला खांदा लावून.
टिटवी आमच्यावर दर रविवारी नव्यानं संतापते.
चढ असा, की बोलता येतं
पण वाक्य पुरं होत नाही.

जे बोलायचं होतं ते अशाच एका चढावर झालं.
गेल्या फेब्रुवारीत. थिटे म्हणाले, "निनाद काल"
आणि दोन पॅडल. "सही करून"
आणखी तीन. "आला."
मी म्हणालो, "ऋजुतासुद्धा."
गिअर खाली टाकला. चेन कुरकुरली, मग बसली.

वर पोचल्यावर पाणी प्यालो.
खाली मुळा, तिच्यावर धुकं,
पलीकडे वीटभट्टीचा धूर,
एक कुठे संपतं नि दुसरं कुठे सुरू होतं, कळेना.
मी राजगिऱ्याची वडी मोडली.
मोठा तुकडा सवयीनं त्यांच्यापुढे केला,
मुलाकडचे म्हणून.
त्यांनी लहान उचलला.

आता आम्ही एकमेकांचे कोण?
साडू, नणंद, मावसदीर, भाचेसून,
आपल्या भाषेत सगळ्यांना पाट मांडलेला आहे,
आमच्यापुरता शब्द तेवढा थिटा.
(हा विनोद मी त्यांना अजून ऐकवलेला नाही.)
घरी विचारतात, "अजून जाता त्यांच्याबरोबर?"
नांद्याच्या टपरीवर चहावाल्यानं विचारलं,
"भाऊ-भाऊ का?"
थिटे म्हणाले, "सायकल."
एवढंच.
चहावाल्याला पटलं.

उतारावर ते पुढे.
दोन बोटं ब्रेकवर, कोपरं सैल,
वळणावर कुणी नसलं तरी घंटी.
मी मागून त्यांच्या मडगार्डवरच्या चिखलाकडे बघत येतो.
ओढ्यात पाणी घोट्याएवढं, पण गोटे गुळगुळीत.
पलीकडे गेले की ते थांबतात.
वळून बघत नाहीत. नुसते थांबतात,
माझं चाक वाळूत वाजेपर्यंत.

तलावाशी परत आल्यावर वही निघते.
"आजचा काय लिहू?"
मांड्या भरून आलेल्या, मोज्यांत कुसळं.
मी म्हणतो, "मध्यम."
ते पेन्सिल कागदावर टेकवतात,
थोडा वेळ तशीच धरतात,
आणि लिहितात:
सोपा. एके ठिकाणी उतरून ढकलावी लागते.

खाली तारीख.
मी कट्ट्यावर बसून कुसळं उपटत असतो,
ते सायकलला टेकून उभे,
घाई असल्यासारखे,
न जाता.