बियांसकट

तू गेलास तेव्हा मिरच्या हिरव्या होत्या.
ऑगस्टचा शेवट, टोमॅटोपलीकडे
तुझ्या तेरा ओळी,
आणि पंप बंद करायचं कुणाला सुचलंच नाही,
म्हणून तुझ्या दफनाच्या दिवशीही
त्यांना पोटभर पाणी मिळालं.

नंतर त्या लाल झाल्या,
कुणाला न विचारता,
आधी खांद्यावर एक तपकिरी डाग, मग अंगभर.
फाटकावर काळ्या चौकटीतला तुझा फोटो
रोज थोडा पुसट होत होता.
ऊन तेच.
मी हिशेब मांडला नाही, दोन पोती भरली.

स्तोयांका आली सुई-दोरा घेऊन,
गुडघा चोळत बसली पायरीवर.
देठातून सुई, पुन्हा देठातून सुई,
एक मिरची डावीकडे, एक उजवीकडे,
म्हणजे माळेत हवा खेळते.
हे तू तिला शिकवलंस म्हणाली.
तुला मी शिकवलं होतं. असो.
मिलुटिनचा ग्राझहून फोन:
"आई, इथं दुकानात पाकीट मिळतं."
घे की मग, म्हटलं.
घेतलं त्यानं. दोन दिवसांनी विचारतो,
"याला वास का नाही गं?"

सात आठवडे माळा छपराखाली.
रात्री मोरावेवरून धुकं चढायचं,
वाळत आलेल्या पुन्हा चामड्यासारख्या मऊ.
शेवटी पाव काढल्यावर
भट्टीच्या उरल्या उबेत सरकवल्या.
पहाटे एक हातात घेऊन हलवली.
खुळखुळ.

इथून पुढचं काम तुझं होतं.
टेबलावर वर्तमानपत्र पसरायचास,
चष्मा लावून, घड्याळ उघडावं तशी
एकेक मिरची उघडायचास,
बिया झटकायच्या, शिरा नखानं खरवडायच्या.
"रंग म्हणजे सगळं. बियांनी पिवळट पडतं."
एकेचाळीस वर्षं आपल्या घरची पूड
लग्नातल्या रुमालासारखी लाल,
आणि जिभेवर...
आता बोलते, तू मध्ये बोलणार नाहीस तर...
गोड. नुसती गोड, राडोसाव.

या वर्षी फक्त देठ खुडले.
बाकी सगळं कॉफीच्या पितळी चक्कीत.
दांडा फिरवला आणि खकाणा उठला.
मांजर शिंकत माळ्यावर,
स्तोयांका रुमालात तोंड खुपसून अंगणात,
मी डोळे मिटून फिरवत राहिले.
इतकं रडले त्या दिवशी,
दफनाच्या वेळी रडले असते
तर गावाचं समाधान झालं असतं.

चाळलं. उरलेलं पुन्हा दळलं. पुन्हा चाळलं.
बरणी खिडकीत उजेडाला धरली.
नारिंगी. विटेच्या भुकटीसारखी.
तुझं खरं होतं रे.

शुक्रवारी मातीच्या भांड्यात पांढरा घेवडा,
बचकभर कांदा,
आणि कढत तेल खाली उतरवून त्यात पूड,
करपू नये म्हणून;
एवढं मात्र तुझ्याच पद्धतीनं.
पहिला घास. आधी काहीच नाही.
मग कानामागे कुणी काडी ओढली.
पाव घेतला, दही घेतलं, उभी राहिले,
खिडकी उघडली, खाली बसले,
आणि पुन्हा वाढून घेतलं.

पाच बरण्या झाल्या.
चिठ्ठीवर तू वर्ष लिहायचास, मीही लिहिलं.
खाली लिहिलं: बियांसकट.
आणि पेन हातातच राहिलं.
मार्चमध्ये पेरायला
मी एकही बी मागे ठेवलं नव्हतं.

दारामागच्या खिळ्याला एक आखूड माळ होती,
वाकड्या, किरट्या मिरच्यांची,
दळायच्या लायकीच्या नाहीत म्हणून राहिलेली.
त्यातली एक काढली.
टेबलावर वर्तमानपत्र पसरलं,
तुझा चष्मा लावला.
नंबर माझा नाही.
बी केवढंतरी मोठं दिसलं,
आणि जरा पाण्यात असल्यासारखं.