भाताचा वाडगा घेऊन

आमच्या बैठकीतली गोल नळी
आधी दोनदा डोळे मिचकावायची, मग लागायची.
कोपऱ्यावरचा वीजवाला ओगासे म्हणाला,
"आता ह्या मिळायच्या नाहीत."
आई म्हणाली, "बरं झालं.
छत्तीस वर्षं मासळीबाजारात बसून जेवल्यासारखं जेवलो."

बाबांनी पेपर खाली केला नाही.
"प्रकाश तो प्रकाश."

म्हणून आम्ही दोघंच,
नोव्हेंबरातल्या तिन्हीसांजेला, गिफूत,
नागारा नदीच्या मागच्या गल्लीत
कुराची-सानच्या दुकानात.
आईच्या हातात जांभळ्या रुमालाचं गाठोडं.
मला वाटलं भेट असेल, काकडीचं लोणचं वगैरे.

चाळीसेक दिवे, एकही लावलेला नाही.
कुराची-सानच्या बोटांना वाळलेली खळ.
किंमत सांगायच्या आधी त्यांनी विचारलं:
जमिनीवर बसता की खुर्चीवर?
भिंत कुठल्या रंगाची?
रात्री कितीदा उठता?
"मी दिवा घ्यायला आलेय, लघवी तपासायला नाही,"
आई म्हणाली.
ते हसले नाहीत. पेन्सिल धरून थांबले.
"नवरा. दोनदा," ती पुटपुटली.

मग तिनं रुमाल सोडला.
आत घरचा वाडगा, कडेचा टवका उडालेला,
त्यात सकाळचा मूठभर भात.
"लावा एकेक."

पहिल्यात मेपलचं पान, कागदात दाबलेलं.
भातावर पानाची सावली पडली.
"रोज तेच पान? झाडसुद्धा असं करत नाही."
दुसऱ्यावर गवतफुलं, केसासारख्या रेघांची.
हे वडिलांच्या हातचं, कुराची-सान म्हणाले.
आईनं कमरेत वाकून नमस्कार केला,
फुलांना की वडिलांना कळलं नाही,
आणि पुढे सरकली.
उंच पायांच्या दिव्यापाशी वाडगा काळवंडला.
"दिव्याखाली अंधार तो पैसे देऊन कशाला?"
चंद्राएवढा गोल एक होता, मला फार आवडला.
"एकट्या माणसाचा दिवा," ती म्हणाली,
माझ्याकडे न बघता.

कुठे भात पिवळा दिसायचा, शिळा;
कुठे निळसर, आजाऱ्याचा.

शेवटी खालच्या फळीवरचा, गुडघ्याएवढा,
वरून उघडा,
बांबूच्या कामट्या एका अंगाला जराशा कललेल्या,
कागद मिनोचा, तुतीच्या सालीचे तंतू
सायीसारखे इकडेतिकडे जमलेले.
तो लावला.
भात नुसता भात दिसला.
टवका मात्र दिसेनासा झाला.

"हा."
मग मला म्हणाली, "भात संपव. टाकायचा नाही."
मी उभ्या उभ्या खाल्ला, गार, बोटांनी,
आणि कुराची-सान मान खाली घालून
दिव्याला कागद गुंडाळत राहिले,
गरजेपेक्षा बराच वेळ.

घरी बाबांनी पेपर दिव्याशी नेला,
जवळ धरला, लांब धरला.
"वाचता येत नाही."
"मग नका वाचू. जेवा."
ते जेवले. बोलले काहीच नाहीत.
भात दुसऱ्यांदा घेतला.

जुन्या नळीला त्यांनीच दोरी बांधली होती,
अंथरुणातून हात पोचावा एवढी,
टोकाला आईच्या लग्नाआधीच्या कोटाचं
तपकिरी बटण.
कोट कधीच गेला.
दोरी ओगासेनं आज दुपारी नळीबरोबर उतरवली.

रात्री, सरकत्या दाराच्या फटीतून,
बाबांचा हात पांघरुणातून वर आलेला दिसला,
हवेत बटण शोधत.

दिवा खाली, जमिनीवर.
हाताची सावली वर गेली,
आणि छताएवढी झाली.

हात थबकला.
एक बोट हललं. मग दुसरं.
मग अंगठा मधल्या दोन बोटांना टेकला,
तर्जनी आणि करंगळी ताठ झाल्या:
कोल्हा. कान टवकारलेला.

"विझवा आता," आईचा झोपाळू आवाज,
"बटण डावीकडे आहे, वायरीवर."

"थांब,"
कोल्हा म्हणाला.