एकच प्रत

नोटांच्या छापखान्यात चौतीस वर्षं
माझं काम एकच: चूक शोधणं.
ताव उजेडापुढे धरायचा,
रेघ ढळलीय का, शाई फुटलीय का,
आकडा केसभर सरकलाय का, पाहायचं
आणि लाल पेन्सिलीने फुली.
रद्द ताव भट्टीत जायचा.
दुपारच्या पाळीपर्यंत त्याच्या जागी दुसरा,
तसाच, करकरीत.

निवृत्तीच्या पैशांतून दुर्बीण घेतली.
बायको म्हणाली, "आता आभाळात चुका काढा."
नाशिकरोडला आभाळ उरलंय कुठे म्हणा,
पुलावरच्या दिव्यांनी ते विरजलेलं.
म्हणून भाद्रपदात, अवसेच्या आसपास,
पाऊस जरा उघडला की अंजनेरी.
वाघचौरेंच्या जीपने पायथा,
पुढे पायऱ्यांनी, खांद्यावर तिपाई,
सोबत यमुना बेंडकोळी, वनखात्याची रोजंदार,
तिच्याशिवाय वर मुक्कामाची परवानगी नाही.

त्या रात्री शनी सापडला.
कड्यासकट, एवढासा,
कुणी कानातून काढून ठेवलेल्या बाळीसारखा.
वाघचौरे बराच वेळ काही बोललेच नाहीत.
मग यमुनेला बोलावलं.
तिने एक डोळा मिटला, पाहिलं,
"तिथं पाणी हाय?"
नाही.
"गवत?"
नाही.
"त्याच्या पुढं?"
पुढे अंधार, मी म्हटलं. मग आणखी एखादा गोळा,
पेटलेला नाही तर गोठलेला,
माणूस उतरेल असं अजून काही सापडलेलं नाही.
तिने डोळा काढला. खाली पाहिलं.
"मग पाय उचला, साहेब."

मी लाल कागद लावलेली बॅटरी खाली धरली.
तिपाईच्या एका पायाला अगदी खेटून
वीतभर काडीवर कंदीलफूल,
फिकट, आत पोकळ, वर बंद जाळी.
या दोन-चार डोंगरांपलीकडे
ते कुठेच उगवत नाही.
कुठेच म्हणजे
आत्ता आम्ही जिथवर पाहत होतो, तिथवर कुठेच.

"चिलट आत गेलं की ठेवून घेतं," यमुना म्हणाली,
"मारत नाय. आपलं काम झालं की देतं सोडून."
गेल्या साली या अंगाला एकशे चौतीस होती.
यंदा एकशे एकोणीस.
मध्ये शहरातली पोरं आली, चूल मांडली इथंच,
गाणी लावली, गेली.
तिने अंधारातच चार दगड चाचपले,
फुलाभोवती मांडले,
जशी ताटाभोवती रांगोळी.
आम्ही दुर्बीण उचलून कातळावर नेली.
शनी निसटला. पुन्हा लावायला पाऊण तास.

पहाटे धुकं खाली बसलं.
गंगापूरचं पाणी दिसलं, द्राक्षांचे मांडव दिसले,
आणि डोळ्यांना सवय, चौतीस वर्षांची,
ते आपोआप कामाला लागले:
तो डोंगर सुरुंगाने अर्धा खाल्लेला.
ती रेघ म्हणजे नदी; शहरात शिरली की तिच्या तळाला सिमेंट,
खालचे झरे वर यायला वाट नाही,
पुढे ओझरच्या बाजूला कसला तरी धूर.
मारुतीच्या गळ्यापर्यंत पूर आला की मोजतो आम्ही,
ओसरला की नदीला विसरतो.
लाल पेन्सिल खिशात होतीच.
पण फुली मारून
हा ताव धाडू कुणाकडे?
भट्टी चालू आहे, हे दिसतंय.
छापखाना कुठे दिसेना.
रात्रभर मी त्याच दिशेने तर पाहत होतो.

खाली उतरताना यमुना मध्येच थांबली,
पदराच्या गाठीतून घडी घातलेला कागद काढला.
त्यावर पाच-पाचच्या रेघा, तिच्या हातच्या.
"तुमची पेन्सिल द्या."
एक रेघ वाढवली.
"एकशे वीस. तुम्ही तुडवणार होता ते
माझ्या मोजणीत नव्हतं."
पेन्सिल तिने परत दिली नाही,
मीही मागितली नाही.
वाघचौरे जीप पुसत होते. चहा संपला होता.