पडद्याशेजारी

बुधवारचा बाजार उठला की
गंगेच्या वाळवंटात तंबू लागायचा.
पडदा आधी पाण्यानं भिजवायचे,
ओल्या कापडावर चित्र उजळ उमटतं म्हणून.
हे मला गोजरमावशीनं सांगितलं.
ती पडद्याच्या मागे बसायची, सगळ्या बायका तिथेच,
अर्ध्या आण्यात.
तिकडून राजा डावखुरा दिसे,
घोडे भलत्याच दिशेला पळत,
आणि अक्षरं उलटी. ती तशीही कुणाला वाचता येत होती?

यादोबा निकुंभलाही येत नव्हती.
इंग्रजी पाट्या यायच्या, जायच्या.
हा वेताची छडी घेऊन पडद्याच्या कडेला उभा,
एक कान पुरुषांकडे, एक बायकांकडे,
आणि बोलायचा.
गोऱ्या मडमेला त्यानं इगतपुरीची मथुरा केलं,
टोपीवाल्या दुष्टाला येवल्याचा सावकार.
जहाज बुडालं तर म्हणाला,
सायखेड्याला नाव उलटली हो!
दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणे
सायखेड्याला जाऊन चौकशी करून आलं.

मावशीची थोरली बहीण गेली त्याला महिना होत आला होता.
शेजारणींनी तिला बळंच तंबूत नेलं.
शेवटी मथुरा जिन्यावरून पडली,
मान अशी वळलेली. सगळ्यांनी पाहिलं.
यादोबा थांबला.
मागून एक हुंदका ऐकला असावा त्यानं.
म्हणाला, झोपलीय. दमलीय बाई. कुणी उठवू नका.
पडद्यावर चौघे तिला खांद्यावर घेऊन निघालेले.
माहेरी नेतायत, म्हणाला.

मग चित्रंच बोलायला लागली.
मालकानं महिन्याचा पगार हातावर ठेवला,
छडी काढून घेतली. छडी कंपनीची होती.
यादोबा तांबट आळीत भाता मारू लागला.
तिथं उजाडल्यापासून हंड्यांवर हातोडे,
ह्याचं बोलणं त्याला ऐकू जात नाही.
बरंच झालं असेल. किंवा नसेलही.
मला काय माहीत.

मी त्याला पाहिलं ते छप्पन्नच्या सिंहस्थात,
रामकुंडापाशी, हरवलेल्यांच्या मांडवात, भोंग्यासमोर.
मी सात वर्षांचा,
एका पायात चप्पल, दुसरी गर्दीनं खाल्लेली.
त्यानं माझ्या हातावर खारे दाणे ठेवले
आणि भोंगा बंद करून सुरू केलं:
तुझी आई आता पूल चढतेय. हिरवं लुगडं ना?
(निळं होतं. मी मान हलवली.)
एका साधूचा चिमटा तिच्या पदरात अडकला,
तिनं त्याला चांगलंच झापलं.
आता पेरूवालीला विचारतेय. आता वळली बघ इकडे.
आई आली तेव्हा मी आधी विचारलं,
साधू काय म्हणाला?
तिनं मला दोन धपाटे घातले नि मग रडली.

पलीकडे बाकावर एक म्हातारी दोन दिवस बसलेली,
मुद्दाम सोडून गेलेली. मांडवात सगळ्यांना ठाऊक होतं.
गाडीला गर्दी आहे आई,
पोरगं पुढच्या गाडीनं येतंय,
तिला तो सांगत होता.
तिला खिडकीची जागासुद्धा धरून दिली त्यानं.

सिव्हिलमध्ये गेला म्हणतात. साल कुणाला आठवत नाही.
फोटो नाही.
आवाज तर कुठल्या रिळात सापडणार,
तो होताच रिळाच्या बाहेर.

गेल्या मार्गशीर्षात गंगापूर रोडच्या एका सभागृहात
कुठून तरी मिळालेलं जुनं रीळ दाखवलं, अकरा मिनिटं.
गार हवा, मऊ खुर्च्या, कुणी खोकतही नव्हतं.
पाट्या मला वाचता आल्या.
शेवटी एक बाई जिन्यावरून पडली,
मान अशी वळलेली,
आणि माझ्या तोंडून निघून गेलं,
झोपलीय.

पुढच्या रांगेतला मुलगा मागे वळला.
आजोबा, प्लीज.
मी गप्प बसलो.
चौघे तिला उजवीकडे नेत होते.
मावशीला ते डावीकडे जाताना दिसले असणार.