सात नंबरची खोली

या खोलीत मी एकोणीस वर्षं बसते.
माझ्याआधी झ्लाटका बसायची,
तिच्याआधी तिचा बाप, पण तो उभा;
खुर्ची नंतर मंजूर झाली.

इथे राजाची न्याहारी व्हायची म्हणतात.
लाकडी जमिनीत टेबलाच्या पायांचे चार खळगे आहेत.
लोक चित्र बघत बघत मागे सरतात
आणि नेमके त्यातच अडखळतात.
मी म्हणते, सांभाळून.
दिवसातून तीसेक वेळा.
माझ्या नोकरीत बोलायचं ते एवढंच.

राजा आगगाडीने गेला,
चित्रं बटाट्याच्या ट्रकमधून आली.
शाळांतून, मठांतून, कुणाकुणाच्या माळ्यावरून,
काही मागून, काही न मागता,
पोत्यात गुंडाळलेली.
झ्लाटकाचा बाप, स्तामेन, वाड्याचा दिवाबत्तीवाला;
त्याच्या हातात हातोडा दिला आणि म्हणाले, लाव.
काय कुठे, ते कुणी सांगितलं नाही.
त्याने गाई एका भिंतीवर लावल्या,
बायका दुसऱ्या,
आणि ज्यांत माणूसही नव्हता, जनावरही नव्हतं
ती खिडकीपाशी:
एकटी आहेत, उजेड तरी मिळू दे.
पुढे शिकलेले लोक आले, त्यांनी क्रम बदलला.
आणखी शिकलेले आले, त्यांनी परत बदलला.
खिडकीपाशीची तेवढी हलली नाहीत.
शरदात मी तिथे एक बिहीचं फळ ठेवते,
वासासाठी. नियमात बसत नाही.

दाराशेजारी भिंतीच्या रेशमावर
एक उभा चौकोन आहे.
बाकी भिंत चहाच्या रंगाची झाली,
तो अजून हिरवागार.
राजा म्हणावा तर उंची कमी पडते,
नंतरचे साहेब म्हणावेत तर रुंदी.
नोंदवहीत त्या पानावर शाई सांडली आहे.

निवृत्तीच्या दिवशी झ्लाटका खुर्चीची उशी घ्यायला आली,
उशी तिची स्वतःची होती.
चौकोनाकडे न बघता म्हणाली,
आरसा होता गं तिथे.
बाबांनी विकला.
त्या हिवाळ्यात आम्ही पाच भावंडं होतो,
उन्हाळ्यातही पाचच राहिलो.

परवा मंत्रालयातून एक तरुण आला,
फीत, वही, बुटांवर निळ्या पिशव्या.
इमारतीचा इतिहास लिहिणार आहे.
चौकोन मोजला, मागे सरला,
अजून थोडा मागे,
आणि मान न वळवता विचारलं,
बाई, इथे काय होतं?

मी म्हटलं, सांभाळून.