खिळा

छत्तीस वर्षं मी कांदे उगवले,
एकही फोडणीला गेला नाही.
बाटलीच्या तोंडावर बसवायचा,
बूड पाण्याला टेकेल न टेकेल असा,
तिसऱ्या दिवशी खाली पांढरी दाढी.
सुलभा म्हणायची, घरात कांद्याची फोड नाही
आणि तिकडे तुम्ही त्यांना आंघोळी घाला.

मुळं खुडायची सकाळी, साडेआठच्या आत,
बडोद्याचं ऊन खिडकीत शिरायच्या आधी.
टोकाकडचे दोन मिलिमीटर, बस्.
बाकीचं मूळ नुसतं लांबतं, नाहीतर नळ होऊन पाणी वाहतं.
एकाचे दोन होतात ते इथे, टोकाशी.
त्यावरही एक टोपी, मातीत घासून झिजणारी,
झिजली की आतून नवी.

लाल रंग, स्पिरिटच्या दिव्यावर जरा ऊब,
काचेवर काच, टिपकागद,
मग अंगठा. सरळ. हलू न देता.
मजमुदारबेनना हा अंगठा कधी जमला नाही.
"खानविलकर, तमे दाबो," म्हणायच्या.
पोरं डोळा लावून गप्प व्हायची,
मग एखादी किंचाळायची,
काका, जुओ! दोरा खेंचाय छे, बे बाजू!
मी मान हलवायचो.
मला ते दोरे कधी नीट दिसले नाहीत,
हे कुणाला बोललो नाही.

रुजू झालो त्या दिवशी मागच्या कडुलिंबाला
खिळा ठोकला होता, डबा अडकवायला.
खांद्याच्या उंचीवर.
झाड तेव्हा पहिल्या मजल्याच्या गजांपर्यंत,
आता गच्चीवरच्या टाकीत पाला सांडतं.
पराग लहानपणी विचारायचा,
झाड वाढलं की डबा वर जाईल ना, बाबा?
स्टूल नेईन, म्हणायचो.
मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं
की उंची शेंड्याची असते,
खोड जागच्या जागी फक्त जाड होतं.
सालीखाली एक ओला पापुद्रा, कागदाहून पातळ,
आत लाकूड टाकतो, बाहेर साल.

आज शाल, नारळ, दोन भाषणं.
डबा आणायला मागे गेलो.
खिळा होता तिथेच.
खांदा दोन बोटं खाली आलाय.
सालीचे ओठ त्याच्या डोक्याशी आलेत,
कडी कधीच अडकत नाही,
सुतळीचा फास लावतो.
ओढून पाहिला. सोडत नाही.

खिडकीत सोमवारच्या बॅचचे कांदे आहेत, नऊ.
पाणी कोण बदलणार
ते विचारायचं राहिलं.