काळ्या कागदावर जांभळा

रामबागेतल्या गॅरेजमध्ये आता गाडी नसते.
छताजवळ ठोकलेल्या पाइपावरून
कागदाचा रोल खाली उतरतो,
जमिनीशी येताना अलगद वळतो,
भिंत कुठे संपली ते कळू देत नाही.
त्यावर, उलट्या डब्याच्या आधाराने उभी
लसूण शेवेची दोनशे ग्रॅमची पिशवी.
आजची नायिका.

भाची म्हणाली, मामा, मागे जांभळा हवाय.
पोरवालशेठचा निरोप होता :
पॅकेट पिवळं आहे, भिया,
मागे असं काही द्या
की पिवळं अंगावर आलं पाहिजे.
सकाळी दहाला फोटो.

मी बत्तीस वर्षं नाटकांना उजेड दिला.
डिमरच्या दांड्यावर हात ठेवून
किती पहाटा उगवल्या, किती खून पाडले,
एकदा तर नदीला पूर आणला
निळ्या जिलेटिनच्या दोन तुकड्यांवर.
जांभळा म्हणजे हातचा मळ.

पांढऱ्या कागदावर दिवा टाकला.
आला तो रंग
धुवून धुवून विटलेल्या परकराचा.
वाढव, मी म्हटलं.
शर्वाणीने वाढवला. परकर आणखी विटला.
पूर्ण चढवला तेव्हा कागदावर
जांभळ्याची नुसती अफवा उरली,
आणि जिलेटिनला करपल्याचा वास.

ती काही बोलली नाही.
पांढरा रोल गुंडाळला, काळा सोडला.
अगं, काळा सगळं गिळतो.
सगळं नाही, मामा.
पिशवी चार फूट पुढे ओढली,
तिला तिचा दिवा, मागच्याला मागचा.
मागच्या दिव्याला पुठ्ठ्याचे काळे कान लावले;
जांभळ्याचा एक थेंब पुढे सांडला
तरी पिवळं मळतं, शेव शिळी दिसते.
पिशवीच्या चुण्यांत दिव्याचे तुकडे अडकत होते
म्हणून मध्ये बटर पेपर धरायचं काम
माझ्याकडे आलं.

धरून उभा होतो, पाठ भिंतीला,
तेव्हा तो आला.
पिकून फुटायच्या आदल्या दिवशीचं जांभूळ,
मध्ये जागं,
कडेकडेने कागदाच्या काळ्यात परत जाणारं.
काळ्याने बाकीचं सगळं स्वतःकडे ठेवलं होतं,
एवढंच सोडलं होतं.

नलूताई भुस्कुटे आठवल्या.
तिसरा अंक, नवरा सोडून गेलेला,
दिग्दर्शक विंगेतून खुणावत होता, वाढव, वाढव,
आणि मी वाढवत गेलो.
लाल असा काही ओतला
की शेवटच्या रांगेला त्यांच्या साडीची वीण दिसली असेल.
टाळ्या पडल्या.
मेकअप उतरवताना म्हणाल्या,
रेशीमवाले, तुम्ही मला दिसू दिलंत,
एकटं नाही राहू दिलंत.
मी हसलो होतो.
कलाकारांचं काहीतरी असतंच, म्हटलं होतं,
आणि केबल गुंडाळायला गेलो होतो.

मामा, हात हलतोय.
सॉरी.
क्लिक. क्लिक. पिशवी बोटभर डावीकडे.
वरच्या कडेला पांढरी रेघ हवी होती,
तिच्यासाठी शर्वाणीने आपल्या पावडरच्या डबीतला
आरसा काढून दोऱ्याने टांगला.
अशी युक्ती मला सुचायला हवी होती.
रात्रीचे अडीच झाले.

पॅकेट उचललं.
मागचा दिवा राहू दे जरा, मी म्हटलं.
रिकामा जांभळा, समोर कोणी नाही.
सवयीने मी उजव्या विंगेकडे पाहिलं.
तिथे शर्वाणीची स्कूटर होती,
सीटवर हेल्मेट.

तिने नायिका कात्रीने फोडली,
मूठभर शेव माझ्या हातात ओतली.
लसूण जरा जास्तच होता.